तात्यांच्या दुरुस्त्या कोण पुसतंय

मधुकर निगुडकर, म्हणजे आमचे तात्या, हात धुवायला उठले तरी चहाच्या कपावर बशी पालथी घालून जातात. माशी पडू नये म्हणून नाही, कोणी काही घालू नये म्हणून. मी एकदा विचारलं, "तात्या, तुमच्या चहात कोण काय घालणार हो?" तर म्हणाले, "जयू, कोण ते ठाऊक असतं तर बशी कशाला लागली असती?" आता यावर काय बोलायचं, कपाळ! मी आपली माझ्या कामाला लागले.

काम म्हणजे पंचांगाचं. उज्जैनला टावर चौकाच्या मागच्या गल्लीत कचोरीवाल्याच्या वर आमचं ऑफिस आहे. मालक शैलेंद्रभैया. तात्या गणित करतात, म्हणजे कोणती तिथी किती वाजता संपते, सूर्य कधी उगवतो, ते आकडे त्यांचे. मी पानं लावते. आणि हर्षल सण-व्रतांचा रकाना भरतो आणि कॉम्प्युटरचं काय बिघडलं ते बघतो. एवढीच आमची फौज. तात्या सगळ्यांत जुने, शैलेंद्रभैयांच्या वडिलांच्या वेळचे.

तात्यांचं घराणं शिंद्यांच्या दरबारी ज्योतिषी होतं, हे ते तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगतील. उज्जैन म्हणजे काळाचं गाव, हे दुसऱ्या भेटीत. आणि तिसऱ्या भेटीत मनगटावरचं घड्याळ दाखवतील, ते अर्ध्या तासाला जरा कमी इतकं मागे असतं. मागे नाही म्हणायचं हं, चिडतात. "हे उज्जैनचं घड्याळ आहे. तुमचं सरकारी. सूर्य इथे डोक्यावर येतो तेव्हा माझ्या घड्याळात बारा वाजतात, तुमच्यात साडेबाराला आलेले असतात. खोटं कोण मग?" वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच केलं. गाडी पकडायची असली की मनातल्या मनात हिशेब करून वेळेवर पोहोचतात, कधी चुकलेले नाहीत. ऑफिसात सगळ्यांना ही चक्कर ठाऊक, त्यामुळे कोणी लक्षच देत नाही.

खरी भानगड सुरू झाली ती पेन ड्राइव्हमुळे. आधी आम्ही पानं एकमेकांना पेन ड्राइव्हवर द्यायचो. मी तात्यांना, तात्या हर्षलला, हर्षल परत मला. त्यात मागच्या वर्षी जुनंच पान छापायला गेलं आणि एका महिन्यात एकादशी भलत्याच दिवशी पडली. लोकांनी उपास केला, मग कळलं की उपास उद्या होता. माधव नगरच्या बायकांनी शैलेंद्रभैयांना फोनवर जे सुनावलं ना, ते इथे लिहिता येणार नाही. भैया म्हणाले, "बस हो गया. आता सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडा. एकच फोल्डर, सगळ्यांना तेच दिसेल."

हर्षलनं तारा ओढल्या, जोडणीचा डबा बसवला. तात्या चष्मा पुसत बघत होते. "म्हणजे सगळ्यांचं एक कपाट," ते म्हणाले. "किल्ली कोणाकडे?"

"किल्ली नाही तात्या, सगळेच उघडू शकतात."

"वा! मग त्याला कपाट कशाला म्हणायचं? धर्मशाळा म्हण."

हर्षलवर त्यांचा आधीपासूनच राग. कारण काय, तर हर्षलचे वडील बँकेच्या बदलीवर जळगावकडून इथे आले. "नोकरीवाले लोक," तात्या म्हणायचे. "आज इथे, उद्या तिथे. यांना काळाचं काय सोयरसुतक?" हर्षल इथेच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, बोलतो अर्धं हिंदीत, पण तात्यांच्या लेखी तो अजून बदलीवर आलेला.

शेवटी एक मधला मार्ग निघाला. तात्या काम करणार स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मी पान लावून त्या फोल्डरमध्ये ठेवलं की ते तिथून आपल्याकडे उचलणार, आकडे तपासणार, चुकलेले दुरुस्त करणार. आणि संध्याकाळी ऑफिस बंद करताना हर्षलनं लावलेला एक प्रोग्राम दोन्हीकडची पानं ताडून बघणार. जे नंतर केलेलं असेल ते दोन्हीकडे ठेवायचं, आधीचं पुसून टाकायचं. हर्षल म्हणाला, "आता जुनं पान छापायला जाणं पॉसिबलच नाही."

हे सगळं लावताना तात्यांनी हर्षलला आपल्या खुर्चीवर बसू दिलं नाही. हर्षल मागे उभा राहून सांगायचा, "हे दाबा, आता ते दाबा," आणि तात्या एकेक बटण दाबायचे, तेही आधी विचारून, "यानं काय होणार?" स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी छोट्या सूचना वर येतात, तर तात्यांना वाटायचं तिथून कोणीतरी डोकावतं. त्या कोपऱ्यावर त्यांनी जखमेवर लावतात ती पट्टी चिकटवून टाकली होती. कॉम्प्युटरला पट्टी! मी हसून हसून लोळायची बाकी राहिले.

हसू थोडेच दिवस टिकलं.

एका सकाळी हर्षलनं तपासणीला पान काढलं आणि म्हणाला, "तात्या, चतुर्थीची वेळ तुम्ही ठीक केली होती ना? इथे तर जुनीच आहे."

तात्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर बघितलं. तिथेही जुनीच. "मी केली होती," ते म्हणाले. "काल. जयूनं पान दिलं आणि लगेच केली."

"मग गेली कुठे?"

तात्यांनी हर्षलकडे नुसतं बघितलं, असं की मलाच कसंतरी झालं. मग त्यांनी तो आकडा पुन्हा दुरुस्त केला.

त्यानंतर हे होतच राहिलं. रोज नाही हं. रोज झालं असतं तर मशीन बिघडलं म्हटलं असतं. कधी दुरुस्ती राहायची, कधी रातोरात पुसली जायची, आणि आकडा पुन्हा चुकीचा होऊन बसायचा. एखादं माणूस मनात येईल तेव्हा खोडी काढतंय, असंच वाटायचं. तात्या म्हणाले, "यंत्र असं निवडून करत नाही. निवडतो तो माणूस."

आणि मग त्यांनी पहारे सुरू केले. कीबोर्डवर महाकाळाच्या अंगाऱ्याची चिमूट टाकून घरी जायचे, सकाळी बघायचे बोटं उमटलीत का. बोटं नाही उमटली, पण तो अंगारा त्यांच्याच पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांना लागला आणि दिवसभर ते तसेच फिरले. हर्षल चहाला खाली उतरला की खिडकीतून बघायचे, कोणाशी बोलतो. एकदा तो शेजारच्या छापखान्यातल्या तुषारशी दोन शब्द बोलला तर वर आल्यावर तात्यांनी विचारलं, "काय सौदा चाललाय?" हर्षल भडकला. "तात्या, मैं कचोरी ले रहा था. कचोरीचा सौदा!"

एके दिवशी मलाही विचारलं. हळूच, दार लोटून. "जयू, तू तर नाहीस ना गं?"

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "तात्या, तुमच्या मांडीला मांडी लावून इतकी वर्षं काम केलं मी. तुमच्या घरी प्रभाकाकू आजारी होती तेव्हा डबा कोण आणत होतं? आणि मला विचारता? लाज नाही वाटत?" ते खाली बघत राहिले. म्हणाले, "वाटते. पण मग कोण, ते तरी सांग." मला रडू आलं, रागानं आलं की दुसऱ्या कशानं, ते नाही कळलं.

खरं सांगू का, तोवर संशयाचं तोंड भलतीकडेच वळलं होतं. शैलेंद्रभैयांनी मला आणि हर्षलला आत बोलावलं. हर्षल म्हणाला, "भैया, मी सगळं चेक केलं. फोल्डर ठीक आहे, प्रोग्राम ठीक आहे. बाहेरचं कोणी आत येत नाही. बुरा मत मानना, पण मला वाटतं तात्या दुरुस्ती करतच नाहीत. करायची असं मनात येतं, आणि केली असं समजतात. उमर हो गई है."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस."

भैयांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं ना शेवटी?"

झालं होतं. आमच्या सगळ्या वस्तीला, फ्रीगंजाला ठाऊक आहे. तात्यांचे वडील एवढे गणिती, पण शेवटी शेवटी त्यांच्या प्रत्येक खिशात चिठ्ठ्या असायच्या. घर कुठे, मुलाचं नाव काय, जेवलो की नाही. त्यामुळेच तर मी तात्यांना म्हटलं की केलेली दुरुस्ती एका कागदावर टिपून ठेवा, म्हणजे वादच नाही, तेव्हा ते माझ्यावर केवढ्यांदा ओरडले! "लिहून ठेवायची वेळ आली म्हणजे संपलंच, जयू. मी चिठ्ठ्या लिहिणार नाही." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कागदावर तपासणं त्यांनी सोडलंच होतं, स्क्रीनवर अक्षरं मोठी करूनच बघायचे. म्हणजे पुरावा काही नाही. तात्यांचा शब्द, आणि समोर चुकीचा आकडा.

भैयांनी तात्यांची मुलगी इशिता, इंदूरला असते, तिला फोन केला. ती धावत आली आणि त्यांना देवास गेटजवळच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, तात्यांनी पटापट सांगितलं, तिथी आणि नक्षत्र वरून. मग डॉक्टरांनी आपलं घड्याळ झाकून विचारलं, "अंदाजन कितने बजे होंगे?" तात्यांनी खिडकीतलं ऊन बघितलं आणि सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ बघून नाही म्हणून मान हलवली.

"तुमचं घड्याळ चुकीचं आहे," तात्या मराठीतच म्हणाले. "ते प्रयागच्या पलीकडची वेळ दाखवतं. आपण उज्जैनला बसलोय."

इशितानं डॉक्टरांना समजावून सांगितलं की हे यांचं आधीपासूनच आहे. डॉक्टर "जी, जी" म्हणाले आणि तरी काहीतरी लिहिलंच. बाहेर आल्यावर इशिता म्हणाली, "बाबा, हे पंचांग छापायला गेलं की तुम्ही माझ्याकडे चला. एकटे राहू नका आता." आणि तात्या, जे कधी कोणाचं ऐकत नाहीत, ते "बरं" म्हणाले. मला ते "बरं" बिलकुल आवडलं नाही. तेव्हापासून इशिता रोज संध्याकाळी फोन करायची, जेवण काय केलं, काल कोण भेटलं, आणि तात्या शाळेतल्या पोरासारखी उत्तरं द्यायचे. परीक्षा चाललीये हे त्यांना कळत होतं.

त्यांनी अंगारा टाकणं सोडलं. खिडकीतून बघणं सोडलं. चहावर बशीसुद्धा घालेनात. मला तर तेच जास्त खुपलं. आता त्यांचा संशय दुसऱ्या कोणावर उरलाच नव्हता.

छापायला जायच्या आधीचे ते शेवटचे दिवस होते. इशिता रविवारी गाडी घेऊन येणार होती. मी मार्गशीर्षाचं पान लावलं, फोल्डरमध्ये ठेवलं आणि हाक मारली, "तात्या, घ्या." त्यांनी घेतलं, आणि मग खुर्ची वळवून म्हणाले, "हर्षल, इकडे ये."

हर्षलनं मान वर केली. गेले कित्येक दिवस दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते.

"खुर्ची घे. माझ्याजवळ बस. मी दुरुस्ती करतो, तू बघ. केली की नाही ते तू सांग."

"जयूताईंना बसवा ना," हर्षल म्हणाला.

"जयूला माझी दया येते. भैयालाही येते. इशिताला तर येतेच. तुला येत नाही." तात्यांनी शेजारची जागा दाखवली. "तू माझा वैरी आहेस. तू खरं बोलशील."

हर्षल उठला. त्यानं खुर्ची ओढली आणि तात्यांच्या शेजारी बसला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तात्यांनी पान उघडलं, अक्षरं मोठी केली. बोट एकेका आकड्याखालून सरकत गेलं आणि अमावस्येवर थांबलं. "हे चूक. अमावस्या संपायची वेळ." त्यांनी जुना आकडा काढला, नवा घातला, सेव्ह केलं. "केलं?"

"केलं," हर्षल म्हणाला. "मैंने देखा."

"आता तुझा तो संध्याकाळचा प्रोग्राम आत्ताच चालव."

हर्षलनं आपल्या जागेवर जाऊन तो चालवला आणि परत आला. तात्यांनी पान पुन्हा उघडलं. अमावस्येच्या रकान्यात जुनाच आकडा होता.

हर्षलच ओरडला. "अरे! अरे, ये क्या है? तात्या, तुम्ही केलं होतं! मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं!" तो मागून त्यांच्या खांद्यावरून वाकला. "पुन्हा करा. आता प्रोग्राम नाही चालवायचा. फक्त सेव्ह करा."

त्यांनी पुन्हा केलं. हर्षलनं विचारून माउस घेतला आणि तात्यांनी तो दिला. त्यानं दोन्हीकडची पानं शेजारी शेजारी लावली, नावाच्या पुढे कोणतं कधी सेव्ह झालं ते बघितलं, आणि मला म्हणाला, "जयूताई, हे पान तुम्ही कधी टाकलं?"

"आत्ताच की. तुझ्यासमोर."

"तात्यांनी दुरुस्ती त्याच्या नंतर केली ना? पण इथे तात्यांची वेळ तुमच्या आधीची आहे. तुमचं पान मिळायच्या आधीच त्यांनी ते दुरुस्त केलं, असं हे म्हणतंय. प्रोग्रामला वाटतं तात्यांचंच जुनं. म्हणून तो तेच पुसतो." तो थबकला. मग त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यावरच्या पट्टीला बोट लावलं. "काढू?"

तात्यांनी मान डोलावली. पट्टी निघाली. खाली कॉम्प्युटरचं घड्याळ होतं, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अर्ध्या तासाला जरा कमी इतकं मागे.

"तात्या!" मी किंचाळलेच. "कॉम्प्युटरलाही?"

"मग?" तात्या म्हणाले. "मी ज्या यंत्रावर उज्जैनचं गणित करतो, त्यात परक्या गावाची वेळ ठेवू? पहिल्याच दिवशी बदलली होती मी."

हर्षल पुन्हा खुर्चीवर बसला. त्यानं बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं. मग म्हणाला, "चतुर्थीचं पान तुम्ही जयूताईंनी दिल्याबरोबर केलं होतं. दशमीचंही. जे जेवून आल्यावर सावकाश केलं, ते राहिलं. तात्या, जे तुम्ही अर्ध्या तासाच्या आत केलं ना, तेवढंच गेलं. जिथे तुम्ही फास्ट होतात, फक्त तेच पुसलं गेलं."

आणि आम्ही त्यालाच म्हातारपण म्हणत होतो. मला इतकी शरम वाटली की मी पदर तोंडाला लावून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तात्यांनी ना घड्याळाचं काही विचारलं, ना पंचांगाचं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी केलं होतं? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी," हर्षल म्हणाला. "आणि मीच भैयांना सांगितलं होतं की तुम्ही करत नाही. उमर हो गई, असं म्हटलं होतं मी."

"ठाऊक आहे. मी तुला चोर म्हणत होतो."

"ते मलाही ठाऊक आहे."

दोघंही स्क्रीनकडेच बघत बोलत होते. मग हर्षल चाचरत म्हणाला, "तात्या, एक तर तुमची वेळ बदलायला लागेल, नाहीतर आम्हा सगळ्यांची. फोल्डरला सगळ्यांची एकच लागते. तुम्ही म्हणाल तर आमची बदलतो, फोल्डरला काही फरक नाही पडत."

माझा विश्वासच बसेना. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं नसतं. तात्यांनीही त्याच्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच, आपल्यातलं माणूस म्हणून. "नको," ते म्हणाले. "यंत्र तुमच्या वेळेवर चालू दे. माझं मनगट आहे ना." आणि ते खुर्चीवरून उठले. "बस इथे. कर."

हर्षल तात्यांच्या खुर्चीवर बसला. त्यानं घड्याळ पुढे केलं, अमावस्येचा आकडा तात्यांनी मागून सांगितला, त्यानं घातला, प्रोग्राम चालवला. आकडा तिथेच राहिला. आम्ही तिघंही उगाचच पुन्हा पुन्हा पान उघडून बघत होतो.

तेवढ्यात इशिताचा रोजचा फोन आला. तात्यांनी स्पीकरवर घेतला, त्यांना एरवी फोन कानालाच लागतो.

"बाबा, औषध घेतलं? काय काय केलं आज?"

"इशू," तात्या म्हणाले, "रविवारी ये. पण गाडीत माझं सामान भरायचं नाही."

"का? काय झालं बाबा? बरं वाटतंय ना?"

तात्या बोलायला गेले आणि रडायलाच लागले. आयुष्यात त्यांना मी रडताना बघितलं नव्हतं, त्यांची बायको, आमची प्रभाकाकू, गेली तेव्हासुद्धा नाही. फोन हातात धरून ते उभे होते आणि पलीकडून इशिता घाबरून "बाबा, बाबा" करत होती. शेवटी हर्षल फोनवर वाकला आणि म्हणाला, "दीदी, मी हर्षल. तात्या काही विसरत नाहीत. मी इथेच बसून बघितलं."

तात्यांनी डोळे पुसले आणि त्याला खूण केली, पुन्हा सांग म्हणून.